ते 'शेतीतज्ज्ञ' नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या अंकात निधनवार्तांच्या रकान्यात आमच्या सरांची बातमी आली. चार ओळी. त्यात 'ज्येष्ठ शेतीतज्ज्ञ व निवृत्त प्राध्यापक' असं छापलंय. वय ८३ च्या जागी ८५ पडलंय, पण त्याचं काही वाटलं नाही. सर स्वतःच्या वयाबाबत बेफिकीर होते. 'शेतीतज्ज्ञ' मात्र त्यांनी खपवून घेतलं नसतं. हयात असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कार्यालयात येऊन संबंधित उपसंपादकाला समोर बसवून अर्धा तास शिकवलं असतं. आता ते शक्य नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधून कापू नका.

सर वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. इथल्याच एका महाविद्यालयात १९६६ ते २००२ अशी छत्तीस वर्षं. आम्ही पोरं विषयाला नुसतं 'फिजिऑलॉजी' म्हणायचो आणि गावाकडे कुणी विचारलं तर 'झाडांची डॉक्टरकी' सांगून मोकळे व्हायचो. सरांना तेही आवडत नसे. "डॉक्टर आजारी माणूस बघतो. मी धडधाकट झाड बघतो. ते बरं असताना दिवसभर काय करतं हेच ठाऊक नाही, तर बिघडल्यावर काय कळणार?" हे वाक्य मी १९७७ ते १९८० या तीन वर्षांत निदान पन्नासदा ऐकलं असेल.

ते निफाड तालुक्यातले, पाटाच्या पाण्याखालच्या गावचे. पाट आला, ऊस आला, पाणी मुरत राहिलं आणि वडिलांच्या सहा एकरांपैकी जवळजवळ निम्मी जमीन पांढरी फुटून, म्हणजे मीठ वर येऊन, चोपण झाली. ऊस मेला, हरभरा उगवलाच नाही, पण त्याच बांधावर विलायती बाभूळ हिरवीगार. 'हिला का काही होत नाही?' हा प्रश्न शाळकरी वयात पडला आणि पुढचं सगळं शिक्षण त्यामागे झालं, असं ते सांगत. एम.एस्सी. पुण्याला केलं. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी बिनपगारी रजा काढून कोल्हापूरला गेले. तिथे शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी यांच्या विभागात मीठ सोसणाऱ्या वनस्पतींवर, कोकणातल्या खारफुटीवर काम चालायचं. सर खाडीत गुडघाभर चिखलात उतरून पानं गोळा करायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि रात्रीच्या एसटीने घाट चढून पहाटे प्रयोगशाळेत आणायचे. एकदा कंडक्टरने गोणपाटाला मासळी समजून गाडीतून उतरवलं होतं. तिवराचं झाड मीठ आत घेतं आणि पानावरून बाहेर टाकतं, पानाला जीभ लावली तर खारट लागतं; कांदळ बरचसं मीठ मुळाशीच अडवतो. दोघं एकाच चिखलात उभे, पण निभावण्याची तऱ्हा निराळी. हे सांगताना सर टेबलाच्या एका टोकाला तिवर आणि दुसऱ्या टोकाला कांदळ होऊन उभे राहत. आम्ही हसायचो. परीक्षेत मात्र कुणाचं हे उत्तर चुकत नसे.

पीएच.डी. झाल्यावर त्यांनी फारसं काही छापलं नाही. सहकारी पुढे गेले, विभागप्रमुखपद दोनदा दुसऱ्याकडे गेलं. सभेत बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा बसायचा. स्वभाव तापट. प्रॅक्टिकलला हायड्रिला ही पाणवनस्पती आणायला विसरलो म्हणून मला एकदा कॉलेजमधून सोमेश्वरपर्यंत सायकलवर पिटाळलं होतं. नदीतून तोडून आणली, उलट्या नरसाळ्याखाली ठेवली, उन्हात बीकर सरकवलं आणि बुडबुडे मोजले. सावलीत मिनिटाला किती, उन्हात किती. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकल्यावर बुडबुडे वाढले तेव्हा सर म्हणाले, "आता विचार, का." मी विचारलं. "मला नको, तिला विचार." पाण्यातल्या झाडाला कसं विचारायचं हे त्या दिवशी समजलं नाही. आज थोडंफार समजतं.

इगतपुरीकडचा एक मुलगा वर्गात होता, भाताच्या पट्ट्यातला. त्याच्यासाठी सरांनी जिबरेलिनची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगितली होती. जपानात भाताची काही रोपं उगाच उंच वाढायची, पिवळी पडायची आणि लोंबी न धरता मरायची. शेतकरी त्यांना 'बाकाने' म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की हे एका बुरशीचं काम आहे, आणि तेही बुरशी रोपात न शिरता, तिने सोडलेल्या द्रव्यानेच होतं. पुढे १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. रोग म्हणून सापडलेली वस्तू, आणि आज आम्ही तीच ग्रॅमच्या पुड्यांनी विकत आणतो. द्राक्षवाल्याला 'जीए' म्हटलं की पुरे.

त्या 'जीए'वर मी पहिल्यांदा तोंडावर आपटलो ते १९८१ साली. पदवी घेऊन दिंडोरी तालुक्यात घरच्या बागेत परतलो होतो. वडिलांनी भोकरी हा द्राक्षाचा वाण काढून बिनबियांची थॉमसन लावली होती. मी शिकलेला, म्हणून डिपिंग, म्हणजे मणी फुगावेत म्हणून घड जीएच्या पाण्यात बुडवणं, माझ्याकडे. एक ग्रॅमची पुडी आणली आणि सरळ शंभर लिटरच्या पिंपात ओतली. पावडर वर तरंगत राहिली, आम्ही घड बुडवत राहिलो. महिन्याने शेजाऱ्याचे मणी फुगले, आमचे बेदाण्यालाच जातील असे. सरांकडे गेलो तर त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, फक्त परीक्षानळी काढली. एका नळीत पाणी, एकीत स्पिरिट, दोन्हींत चिमूट चिमूट पावडर. स्पिरिटमध्ये विरघळली, पाण्यात तशीच राहिली. मग गणित करायला लावलं: शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे किती पीपीएम (दहा लाखात किती भाग)? दहा. चाळीस पीपीएम हवं तर? बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे वहीत लिहून दाखवावं लागलं.

आणि मग ज्यासाठी मी खरं तर गेलोच नव्हतो ते सांगितलं. थॉमसनच्या मण्यात बी जन्माला येतं, पण कोवळं असतानाच मरतं. मण्याला 'वाढ' असा निरोप देणारं ते बीच. तो निरोप देणारं कुणी उरत नाही म्हणून मणी लहान राहतो. "तू पिंपातून तो निरोप पाठवतोयस. पण पाकीट न उघडता टपालपेटीत टाकलंस." ही उपमा मला तेव्हाही फारशी जुळलेली वाटली नव्हती. पण चव्वेचाळीस वर्षं लक्षात राहिली.

सरांचा खरा वर्ग मात्र सप्टेंबरात भरायचा, गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर. द्राक्षवाल्यांना सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे वेलीला थंड मुलखासारखी हिवाळ्याची झोप नाही, म्हणून आपण तिला वर्षात दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून पुढे फूट निघते त्या कोंबात, साधारण चाळीस ते साठ दिवसांत घड ठरतो. नुसत्या नजरेला दिसत नाही, पण ठरलेला असतो. तेव्हा ढगाळ राहिलं, वेल माजली, तर जिथे घड व्हायचा तिथे बाळी (वेलीचा नुसता ताणा) होते. ऑक्टोबरात कितव्या डोळ्यावर काडी तोडायची हे त्यावर अवलंबून. चुकलात तर वर्ष गेलं.

तर सप्टेंबरात लोक ओल्या फडक्यात काड्या बांधून सरांकडे यायचे. पिंपळगाव, ओझर, मोहाडी, पालखेड, सगळीकडून. सर ब्लेडने डोळा उभा चिरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. हे काम आज पैसे देऊन प्रयोगशाळेत होतं. तेव्हा सरांचा ओटा होता. पैसे घेत नसत, पण एक अट होती: भिंगातून आधी शेतकऱ्याने बघायचं आणि काय दिसतं ते आपल्या तोंडाने सांगायचं. पांढऱ्या टोपीतला सत्तरीचा म्हातारा एक डोळा मिटून वाकलेला आणि सर मागून विचारतायत, "दिसला? दोन फांद्यांचा का एकाच शेंड्याचा?" जो बघायला तयार नसे त्याला काड्या परत. एक बडे बागाईतदार गाडीतून न उतरताच ड्रायव्हरच्या हाती काड्या पाठवायचे. त्या काड्या दोन दिवस ओट्यावर वाळल्या.

तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, काय मारू?" आजही तोच आहे. दुकानदाराला विचारतात, व्हॉट्सॲपवर विचारतात, फवारणीचं शेड्यूल मागतात. सरांनी आयुष्यात कुणाला शेड्यूल दिलं नाही. ते उलटा प्रश्न करायचे: शेंडा किती पेरांचा झालाय, बगलफुटी काढल्यास का, दुपारी पान हाताला गरम लागतं का गार? गार लागत असेल तर पानाची रंध्रं उघडी आहेत, पाणी उडतंय, मुळं काम करतायत. गरम लागलं तर दोर कुठेतरी तुटलाय, आता ड्रिप बघ, माती बघ, मग माझ्याकडे ये. निम्मे लोक परत येतच नसत, कारण तेवढ्यात त्यांना सापडलेलं असे. म्हणून म्हणतो, ते शेतीतज्ज्ञ नव्हते. शेतीतज्ज्ञाला उत्तर द्यावं लागतं.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अंगणात एकच द्राक्षवेल होती आणि तिला कधी धड घड लागले नाहीत. मांडवावर चढवून ठेवली होती, छाटायचे नाहीत. सरांच्या बाईंना सावली हवी होती म्हणे.

एका एप्रिलात ते माझ्या बागेत मुक्कामाला आले होते. ताज्या छाटणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. आमच्याकडे बायका म्हणतात वेल रडतेय. सरांनी एक खोड बुंध्यापाशी कापायला लावलं (जुनं होतं, काढायचंच होतं), वर रबरी नळी आणि काचेची नळी चढवली, सुतळीने आवळली आणि रात्री खाट तिथेच टाकली. सकाळी काचेत वीतभर पाणी चढलेलं. पान एक नाही, ऊन नाही, तरी मुळं पाणी वर ढकलतायत. अठराव्या शतकात स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने द्राक्षाच्याच वेलीवर हा प्रयोग केला होता, असं सर दात घासता घासता सांगत होते. माझे वडील नळीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे रडत नाही, जोर करते." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे वर्गात वडिलांच्या नावानिशी सांगायचे, असं धाकट्या बॅचच्या मुलांकडून कळलं.

थंडीचंही तसंच. आपण दर हिवाळ्यात निफाडचा पारा पहिल्या पानावर छापता. सर म्हणायचे, आकडा छापतात, मण्याचं काय होतं ते छापत नाहीत. थंड रात्री पानं पाणी उडवत नाहीत, पण जमीन ओली असेल तर मुळं ढकलतच राहतात. मण्यात पाणी उतरून साखर भरू लागली असेल तर ते पाणी तिकडेच ओढलं जातं आणि साल फाटते. शेकोट्या का, पहाटे विहिरीचं पाणी ड्रिपने का सोडायचं आणि किती थोडं सोडायचं, यावर त्यांनी आपल्याकडे एक पत्र पाठवलं होतं. छापलं गेलं नाही. कदाचित फार लांब असेल. हेही होतंय, याची कल्पना आहे.

आता २०१० सालाबद्दल. ते लिहायला मला अजून जड जातं. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून डोळ्यात घड बसावा म्हणून आम्ही सगळे सीसीसी मारायचो. त्याचं काम काय, तर वेलीच्या अंगात जिबरेलिन तयार होऊ द्यायचं नाही. बघा, ज्या जिबरेलिनने हिवाळ्यात मणी फुगवायचा, तेच उन्हाळ्यात अडवायचं. सर नव्वदच्या दशकापासून सांगत होते की हे हात राखून वापरा, वेल ते लवकर मोडत नाही, जुन्या लाकडात राहू शकतं आणि फळात उतरू शकतं; त्यापेक्षा वेळेवर शेंडा मारा, पाणी तोडा, उजेड आत येऊ द्या. आम्ही माना डोलवायचो आणि फवारायचो, कारण शेंडा मारायला माणसं लागतात आणि फवाऱ्याला एक. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, म्हणजे तेच सीसीसी. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल अडकला. माझेही दोन कंटेनर त्यात होते. ज्याच्यामार्फत पाठवले त्याने अखेर ठरल्याच्या तिसरा हिस्सा हातावर ठेवला. बायकोचे दागिने बँकेत गेले ते तीन वर्षांनी सुटले.

सर तेव्हा ६८ वर्षांचे. बसने आले. 'मी सांगितलं होतं' हे त्यांच्या तोंडून निघेल म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी वही काढली. "किती वेळा मारलंस? कितव्या पानावर? प्रमाण किती?" मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. चहा घेतला आणि पुढच्या शेतकऱ्याकडे गेले. त्या महिन्यात ते असे बऱ्याच बागांवर फिरले. त्या नोंदी त्यांनी कुठे पाठवल्या का, मला ठाऊक नाही. वह्या आता त्यांच्या मुलीकडे आहेत.

डॉगरिज खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ती वेल) सगळीकडे पसरला तेव्हा मीही खूश होतो. पाण्याचा ताण सोसतो, खारं पाणी सोसतो. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळच. सर तेवढ्यावर थांबेनात. "सोसतो म्हणजे कसा? तिवरासारखा का कांदळासारखा? खुंट बदलला म्हणून मीठ नाहीसं होत नाही, कुठे जातंय ते दरवर्षी पानाच्या देठात बघ." तेव्हापासून खरड छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास देठ परीक्षण चुकवलं नाही. सोडियमचा रकाना आधी बघतो. निफाडच्या चोपण रानापासून कोकणच्या खाडीपर्यंत जाऊन ते माझ्या विहिरीपाशी परतले होते, हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली.

सर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस नेमला गेलेला नाही. तासिका तत्त्वावर येणारे शिकवतात. माझी पुतणी त्यांच्यातलीच एक. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. विषय तिला चांगला येतो, सरांनीही तिचं कौतुक केलं होतं. पण हायड्रिला आणायला कुणाला सोमेश्वरला पिटाळावं एवढा वेळच तिला नाही. बुडबुडे मोबाइलवर दाखवते. सरांचे काचेचे पोटोमीटर (फांदी किती पाणी ओढते ते मोजायचं साधन) आणि लाकडी स्टँड निर्लेखनात निघाले तेव्हा तिने एक पोटोमीटर रद्दीवाल्याकडून दीडशे रुपयांत सोडवून आणला. माझ्या ऑफिसच्या कपाटावर आहे. कुणाला शिकवायला हवा असेल तर घेऊन जावा.

अमरधामात आम्ही पंचवीस-तीस जण होतो. छाटणीचे दिवस, त्यामुळे निम्म्यांच्या हाताला अजून पेस्टचा रंग. ही पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. छाटल्यावर डोळ्यांना लावतो, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात, नाहीतर फक्त शेंड्याकडचे फुटतात. सरांनी फार पूर्वी आम्हाला बजावून ठेवलं होतं की पेस्टच्या दिवशी आणि पुढे काही दिवस मजुरांना दारूचा थेंब घेऊ देऊ नका. हे द्रव्य अंगात गेलं की शरीराला दारू नीट पचवता येत नाही. तोंड लाल होतं, छाती धडधडते, माणूस आडवा होतो. डब्यावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? सरांनी ते ठळक मराठीत लिहून काढलं, छायाप्रती काढल्या आणि वाटल्या. खाली नाव घातलं नाही. एका औषध कंपनीने तो मजकूर आपल्या डायरीत सरांच्या फोटोसह छापू का विचारलं, तर म्हणाले, मजकूर घ्या, फोटो नको. त्यांनी मजकूरही घेतला नाही. म्हणून मीही या पत्रात त्यांचं नाव लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

उद्या माझ्याकडे पेस्ट आहे. सुरगाण्याकडची माणसं पहाटे येतील. तो कागद पंपघराच्या दाराला चिकटवलाय, वाचता न येणाऱ्यांना मी स्वतः वाचून दाखवतो.

विनंती एवढीच की दुरुस्ती छापावी. 'वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक' असं पूर्ण छापता आलं तर उत्तम. जागा नसेल तर नुसतं 'प्राध्यापक' चालेल. 'शेतीतज्ज्ञ' तेवढं काढा.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार आणि त्यांचा विद्यार्थी
(ता. दिंडोरी, जि. नाशिक. नाव छापू नये.)